येते गो

“तर्री, दात वाजतायत तुझे. माझ्या कानात ऐकू येतंय सगळं.”

“मले भेव वाटून राहिलं.”

“भेव! भीती म्हण ना. भेव म्हटलं की काहीतरी खायची वस्तू वाटते.”

दर्शना माझ्यापासून नऊ मीटरवर होती. मी यानात, पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेली, दोन्ही हात दोन दांड्यांवर. ती नळीतून सरपटत पलीकडच्या धुडात शिरलेली. धूड म्हणजे एसटीएवढं मेलेलं यान. कोणाचं, ते आम्हाला सांगितलं नव्हतं. अंगावरचं नाव खरवडलेलं होतं. खाली पृथ्वी होती, पण तिकडे मी बघत नव्हते. एकदा बघितलं होतं तेव्हा ओकारी आली होती, आणि हेल्मेटात ओकलं तर माणूस त्यातच गुदमरून मरतो हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मी सतरा वर्षांची होते. दर्शना अठरा.

तर्री हे माझं खेळातलं नाव. आम्ही चंद्रपूरकडचे, रश्शावरच्या लाल तेलाला आम्ही तर्री म्हणतो, आणि फोनवर ‘फिरकी’ नावाचा खेळ पहिल्यांदा उघडला तेव्हा मी तेच जेवत होते. दर्शना हर्णैची, मासेमारांच्या घरची. खेळात तिचं नाव सुरमई. खेळ साधा होता. अंतराळात एखादं मोडकं यान गरगर फिरतंय; आपलं यान त्याच्याजवळ न्यायचं, त्याच्या गतीनं फिरायचं, चाप लावायचा आणि गॅसचे फवारे मारून त्याचं फिरणं थांबवायचं. फोनची काच उजवीकडे फुटलेली होती म्हणून मी डाव्या अंगठ्यानं खेळायची. दोन वर्षांत माझ्यापुढे देशात एकच नाव उरलं होतं. सुरमई.

मग एक दिवस इस्त्रीच्या शर्टातला माणूस बाबाच्या पंक्चरच्या दुकानात आला. विमान दुरुस्तीचा कोर्स, म्हणाला. राहणं-खाणं फुकट, पोरीचं भलं होईल. तेरा पानं होती, इंग्रजीत. बाबानं पानं माझ्याकडे दिली आणि विचारलं, “बराबर हाय का?” मला त्यातलं निम्मंही कळलं नव्हतं. बराबर हाय, म्हणून मी सांगितलं. मला जायचं होतं. बाबानं ग्रीसच्या हातानं सही केली.

बंद पडलेल्या मॅंगनीजच्या खाणीत, जमिनीखाली, त्यांनी ती शाळा काढली होती, विमानांची नव्हे, खऱ्या यानांची. आम्ही चौदा जण होतो. त्या चौदांत एकाचाही बाप असा नव्हता की ज्याच्या फोननं कोणाला खुर्चीतून उठावं लागेल. हे योगायोगानं झालं असं मला आजही कोणी पटवून द्यायला येतं, तेव्हा मी त्याला चहा देते आणि दार दाखवते. आम्हीच का, याचं उत्तर पेठे मॅडम फार गोड द्यायच्या. त्या आमच्या प्रमुख. म्हणायच्या, फिरत्या धुडाला यान लावणं कॉम्प्युटरला जमत नाही, आकडे बिनसले की तो हात वर करतो. तुम्ही मुलं हात वर करत नाही.

खरं होतं. आम्हाला हरल्यावर पुन्हा खेळायची सवय होती.

“आपल्याला न्यायचीय ती पेटी दिसली,” दर्शना म्हणाली. “चार स्क्रू आहेत. दोन गंजलेत. अंतराळात गंज कसा येतो गो?”

“मले काय माहीत! काढ लवकर.”

“तुझ्या बापाला आणायला हवा होता. त्यानं पाच मिनिटांत काढले असते.”

“बाबानं आधी च्या मागितला असता.”

ती हसली. तिचं हसणं कानात खरखरलं, आणि तेवढ्यात धुडानं हिसका दिला.

त्या हिसक्याचं काय सांगू? झोपेत पायरी चुकावी तसं पोट खाली गेलं. समोरच्या खिडकीतल्या चांदण्या एका बाजूला सरकायला लागल्या. मी डाव्या दांडीवर फवारा मारला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. चांदण्या थांबल्या. माझ्या मांड्यांमध्ये गरम ओल पसरली तेव्हा मला कळलं की मला मुतायला झालं होतं.

“तर्री.” पेठे मॅडमचा आवाज. त्या खाली खाणीतल्या खोलीत होत्या, कपात चमचा फिरवल्याचा आवाजही यायचा. “गॅस चोवीस. आतल्या टाकीत काहीतरी फुटलं असावं, म्हणून ते पुन्हा फिरतंय. तू धरून ठेव बाळ.”

“दर्शना, तू ठीक हायेस ना?”

उत्तर आलं नाही. दुसरा हिसका आला. हा मोठा होता. दोन्ही यानांना जोडणारा चाप करकरला, तो आवाज कानातून नाही, खुर्चीतून पाठीच्या कण्यात आला. तेवीस. बावीस. एक आकडा जायला वीसेक सेकंद लागत होते. धूड मोकळं असतं तर मी त्याच्याभोवती नाचले असते, पण आता ते माझ्या यानाचा पाय धरून मला गरगर फिरवायला बघत होतं, आणि त्याला रोखायला माझ्याकडे फक्त तो गॅस होता. परत जायलाही तोच गॅस.

“दर्शना!”

“ओरडू नको. पेटी काढली.” तिला धाप लागली होती. “दार बसलं गो.”

“कोणतं दार?”

“मधलं. माझ्या मागचं. हिसक्यानं आपटलं आणि बसलं.”

“उघडते का?”

“बघते. तू तुझं काम कर.”

मी माझं काम केलं. माझे हात करत होते. मी मात्र कुठंतरी बाजूला बसून रडत होते, आणि हात त्या रडणाऱ्या पोरीकडे लक्ष देत नव्हते. एकवीस. घाम भुवईवरून डोळ्यात गेला, हेल्मेटमुळे पुसता येत नव्हता. एका डोळ्यानं चांदण्या धरून ठेवल्या. वीस.

“तर्री, ऐक,” मॅडम म्हणाल्या. “अठराला खटका ओढायचा.”

खटका म्हणजे चाप सोडायचा. खटका ओढला की नळी बंद, यान मोकळं.

“मॅडम, ती आत हाय.”

“माहीत आहे मला. अठराच्या खाली गेलीस तर तू परत येऊ शकत नाहीस. दोघी जाल. मला एकीला तरी आणायचंय बाळ.”

“दर्शना, ऐकलं का? अठरा! दार उघडलं का?”

खरखर. त्या खरखरीत लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, एकदा, पुन्हा एकदा. मग तोही बंद झाला.

एकोणीस.

“दर्शना, बोल न वं! काहीतरी बोल!”

मॅडम काहीच बोलल्या नाहीत. चमचाही वाजला नाही. मला त्या शांततेची इतकी भीती वाटली की मी स्वतःच मोठ्यानं काहीबाही बोलत राहिले. आईचं नाव घेतलं, बाबाचं घेतलं, शाळेतल्या खिचडीचं काहीतरी बोलले. नंतर रेकॉर्डिंगमध्ये ते मी ऐकलं. कोणा लहान मुलीला चटका बसल्यासारखा आवाज होता.

आकडा अठरा झाला.

आणि दर्शनाचा आवाज आला. स्वच्छ, जवळून, अजिबात घाई नसलेला.

“तर्री. येते गो.”

मला आमच्या घराचं दार दिसलं. बाबा दुकानावर निघताना म्हणतो, येतो. मावशी गाडीत बसताना खिडकीतून म्हणते, येते. आजोबाला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं तेव्हा त्यानं मान वळवून आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, येतो बरं. तो काही आला नाही. आमच्याकडे शुभ-अशुभ कोणी मानत नाही, तरी निघताना ‘जातो’ कोणीच म्हणत नाही. तिचा आवाजही तसाच होता. उंबऱ्यावर उभं राहून पिशवी खांद्याला लावणाऱ्या माणसाचा.

मी खटका ओढला.

धाडकन काहीतरी वाजलं. चाप सुटताना वाजतोच. चांदण्या मोकळ्या झाल्या, धूड गरगरत दूर गेलं, लहान झालं. मी तिला हाक मारत राहिले आणि परतीच्या सगळ्या सूचना चोख पाळत राहिले. दोन्ही एकदम.

उतरल्यावर मला खुर्चीतून उचलून काढावं लागलं. काढताना माझी नजर गॅसच्या काट्यावर गेली. सात.

दोन दिवसांनी दुपारी पेठे मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर चिवड्याची बशी होती. मी आधी त्या काट्याचंच विचारलं.

“मॅडम, सात कसा उरला? अठराच्या खाली परत येता येत नाही म्हणाल्या तुम्ही.”

“थोडा राखून आकडा सांगावाच लागतो बाळ. तुम्ही मुलं शेवटच्या थेंबापर्यंत खेळता.”

“म्हणजे खरा आकडा अकरा होता?”

“ते आता बोलून काय होणार? चिवडा घे.”

अठरा ते अकरा. सात आकडे, एकेक वीस सेकंदांचा, म्हणजे एकशे चाळीस सेकंद. मला तेव्हा त्या बाईचा गळा धरायला हवा होता. मी चिवड्याची बशी बघत बसले, कारण मला वाटत होतं की आता त्या मला पोलिसांत देणार.

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. माझं रडणं, आपटल्याचे आवाज, खरखर. मग: तर्री. येते गो.

“काय म्हणाली ती?”

“येते गो, म्हणाली.”

“म्हणजे काय?”

मॅडमच्या डोळ्यांत बघितलं. त्याही घाबरलेल्या होत्या. तेवढी मोठी बाई, पण पेनाचं टोपण सारखं काढत होती, लावत होती.

“निरोप घेतला तिनं,” मी म्हटलं.

“अगदी.” त्यांनी श्वास सोडला. “आपला मराठी माणूस जाताना येतोच म्हणतो. मी ऐकलं तेव्हा मलाही हेच वाटलं. तिला कळलं होतं की दार उघडणार नाही. शूर मुलगी. त्यानंतर तू खटका ओढलास. मध्ये चार सेकंद गेलेत. अगदी योग्य.”

त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं. स्वेच्छेने मागे राहिली, सहकाऱ्याचा निरोप घेतला. मी खाली सही केली. माझा हात कोणी धरला नव्हता. त्यांना ते वाक्य हवं होतं, आणि मला त्यांच्याहून जास्त हवं होतं.

महिन्याभरात शाळा गुंडाळली. आम्हाला घरी पोचवलं. तोंड उघडलं तर बापाचं काय होईल, हे इस्त्रीच्या शर्टातल्या माणसानं निघताना हसत हसत सांगितलं. दर्शनाच्या आईला पत्र गेलं होतं: संस्थेची जीप पुलावरून नदीत कोसळली, आपल्या मुलीचा देह मिळू शकला नाही.

सात महिने मी घरात बसून होते. फोन हातात घेतला तरी ‘फिरकी’ उघडत नव्हते. मग एक विचार डोक्यात बसला. दर्शनाच्या आईला वाटत असेल, पोरगी गाळात रुतून, नाकातोंडात पाणी जाऊन मेली. खरं तर ती शूरासारखी गेली, शांत आवाजात, निरोप घेऊन. हे तिला कळायला हवं. हे देण्यासारखं माझ्याकडे आहे. मी मैत्रिणीच्या लग्नाचं निमित्त सांगून घरून निघाले आणि दोन दिवसांनी हर्णैला पोचले.

घर बंदराच्या वरच्या अंगाला होतं. सारवलेलं अंगण, कडेला एक माड. दर्शनाची आई, पार्वतीबाई, पायरीवर बसून सुपात सुकट पाखडत होती. बारीक कोळंबी वर उडायची, वाळू वेगळी व्हायची. मी नाव सांगितलं.

“तर्री तू?” तिनं मला खालून वर बघितलं. “माझी पोर फोनवर तुझ्याच गोष्टी सांगायची. सारखी घाबरते बोलायची. बस ना बाय. पाणी घेशील?”

मी पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. जीप नव्हती, नदी नव्हती. खाण, यान, धूड. ती पाखडत ऐकत होती.

“वर म्हंजे? इमानात?”

“विमानाच्या वर.”

तिनं आकाशाकडे बघितलं, जणू तिथं काही दिसेल. मग पुन्हा सुपाकडे.

“थंडी असेल ना तिकडं?”

“हो.”

“तिला थंडी सोसायची नाय.” सूप दोनदा वाजलं. “किती लांब होती तुझ्यापासनं?”

मी अंगणाच्या कडेच्या माडाकडे बोट दाखवलं. “इथून त्या माडाएवढी. मध्ये नळी. दार बसलं होतं, ती ते ठोकत होती. मग ठोकणं थांबलं. काकी, पण ती घाबरली नव्हती हो. मी रडत होते, ती नाही. शेवटी निरोप घेतला तिनं. एकदम शांतपणे म्हणाली, येते गो.”

सूप थांबलं.

“काय बोलली?”

“येते गो.”

“जाताना?”

“हो. आपण म्हणतो ना तसं—”

“नाय.” तिनं मान हलवली. एखादं पोर चुकीचा पत्ता सांगतंय तशी. “नाय बाय. तिचा बाप ‘येतो’ बोलून बोटीवर गेला. बोट आली, तो नाय आला. ही चार वर्षांची होती. त्या दिवसापासनं या घरात जाताना तसं कुणी बोलत नाय. ‘निघते’ बोलायचं. मी तिला तोंडावर मारलंय त्यापायी, एकदा चुकून बोलली तर. येते बोलायचं ते येतानाच.”

मला तिचं बोलणं ऐकू येत होतं आणि माझे कान बंद होत होते. बंदराकडून कोणीतरी लिलावाचा भाव ओरडत होतं. माझ्या पायाखाली सारवलेली जमीन होती, तरी मी पायरीची कड घट्ट धरली.

ती मात्र उजळली होती. खरंच उजळली होती. पुढे सरकून तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांना खारट वास होता.

“म्हंजे दार उघडलं होतं तिनं! माझी पोर हट्टी. ती येत होती. मग? तू थांबलीस ना गो?”

मी पळू शकले असते. ‘थांबले काकी, खूप थांबले’ म्हणू शकले असते. ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं. अठरा, अकरा, मॅडम, आकडे, सगळी सबब तयार होती.

“थांबले,” मी म्हटलं.

“किती?”

“चार सेकंद.”

“म्हंजे किती ते?”

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं, चार सेकंद म्हणजे किती. मी मोजायला लागले.

“एक,” मी म्हटलं. “दोन. तीन. चार.”

तिनं माझा हात सोडला. सूप उचलून पायरीवर नीट ठेवलं, सुकट सांडणार नाही असं. उठली, आणि माझ्याकडे न बघता अंगण ओलांडून माडापाशी गेली. तिथं वळली. खाली वाकली, एखाद्या अरुंद जागेतून यायचं असावं तशी, आणि चालायला लागली.

“पाच,” ती म्हणाली. “सहा.”

“काकी, नका ना.”

“सात. आठ.”

ती घाई करत नव्हती. पाऊल टाकायची, आकडा म्हणायची. मला उठून पळायचं होतं आणि मी पायरीला चिकटून बसले होते. बारा. तेरा. तिचे केस सुटून तोंडावर आले होते. सोळा.

सतराला ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हळूहळू सरळ झाली.

“आले,” ती म्हणाली.